पुढचा तलाव कुठे आहे?

मुंबईत नवख्या माणसाला धोबी तलावावर उतरवून द्या आणि म्हणा, आता तलाव शोधून दाखव. बिचारा तासभर फिरेल. मेट्रो सिनेमा सापडेल, इराण्याचा चहा मिळेल, पुस्तकांची दुकानं दिसतील. तलाव काही सापडणार नाही. तीच गत सी. पी. टँकची, गोवालिया टँकची आणि दोन टाकीची. नावं पाण्याची आणि पायाखाली डांबर.

हे तलाव एके काळी खरोखरच होते. शहर त्यांच्यावर आणि विहिरींवर जगत होतं. ते बुजले कसे, त्यांच्या जागी काय आलं आणि त्याचा आजच्या हवामान बदलाशी संबंध काय, हे आज मला आपल्याला सांगायचं आहे. हवामान बदल म्हटलं की आपल्याला क्योटो आठवतं, पॅरिस आठवतं, मोठमोठ्या देशांचे प्रमुख आठवतात. मला मात्र आमच्या चाळीतला नळ आठवतो. पहाटे साडेचारला तो फुसफुसायचा, कुणीतरी ‘पाणी आलं’ म्हणून ओरडायचं आणि अख्खा मजला जागा व्हायचा. त्या नळाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नाही. तो पडायला हवा होता.

या नळाची गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई फार वेगानं वाढली. गिरण्या सुरू होत होत्या, १८५३ साली ठाण्यापर्यंत आगगाडी धावली होती, माणसांचे लोंढे येत होते आणि पाणी तेच, तलाव-विहिरींचं. पाऊस ओढला की शहराचा घसा कोरडा. १८५० च्या दशकात अशी वेळ आली, की गुरं शहराबाहेर न्यावी लागली आणि होड्यांतून व रेल्वेनं पाणी आणून विहिरींत ओतावं लागलं. लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी गेलं तेव्हा आपण हळहळलो. मुंबईनं ते त्याआधी दीडशे वर्षं पाहिलेलं आहे.

त्या टंचाईतून विहार तलाव झाला. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्यानं साष्टीच्या डोंगरात, मिठी नदीच्या उगमाकडे, पाणी अडवायची योजना आखली. १८५६ साली काम सुरू झालं आणि १८६० साली नळानं पाणी शहरात आलं. धरण सरकारनं बांधलं. पाणी घराघरात पोहोचवण्याची आणि पट्टी गोळा करण्याची जबाबदारी पुढे नगरपालिकेकडे आली. विहारचं पाणी आलं आणि लोकांना वाटलं, आता प्रश्न सुटला. पण १८६४ च्या शिरगणतीत शहरात आठ लाखांवर माणसं निघाली. विहार पुरेना. मग १८७९ साली तुळशी तलाव झाला. तोही पुरेना. मग थेट शंभर किलोमीटरवर जाऊन १८९२ साली तानसा अडवली.

याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. १८८२ साली लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. १८८८ साली मुंबई महापालिकेचा कायदा झाला, त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता. या कायद्याचं एकसष्टावं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. महापालिकेनं कोणती कामं केलीच पाहिजेत, त्याची ती यादी आहे. पाणी, गटारं, कचरा, रस्ते, दिवे आणि असंच बरंच काही. तिथे इच्छेचा प्रश्नच नाही, ती कर्तव्यं आहेत. ती यादी आज पुन्हा वाचली की लक्षात येतं, हवामान बदलाच्या ज्या झळा शहरातल्या माणसाला बसतात, त्यातल्या बहुतेक याच यादीतून त्याच्या घरात शिरतात. पूर गटारातून येतो, टंचाई नळातून येते, दुर्गंधी आणि धूर कचऱ्याच्या डोंगरातून येतात. दिल्लीत करार होतात, पण हे सगळं सांभाळायचं असतं वॉर्ड ऑफिसनं.

नगरपालिकेनं त्या काळात एक काम असं केलं, की त्याचं मोल तिला स्वतःलाही तेव्हा कळलं नसेल. विहार आणि तुळशीचं पाणी स्वच्छ राहायचं तर भोवतालच्या डोंगरावर शेती नको, वस्ती नको, तोड नको, असं ठरलं. म्हणून पाणलोटाची ती जमीन राखून ठेवली. हेतू साधा होता, पिण्याच्या पाण्यात घाण जाऊ नये. पुढे शहर बोरिवली, मुलुंड, ठाणे असं चहूबाजूंनी वाढलं, पण तो डोंगर राहिला. आज त्याला आपण संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात बिबळे, आणि भोवती कोटभर माणसं. तानसाच्या काठचं जंगलही असंच टिकलं आणि १९७० साली त्याचं अभयारण्य झालं. एवढं मोठं जंगल मुंबईच्या कुशीत उरलं, त्यामागे वन्यजीवांच्या प्रेमापेक्षा पाण्याचा हिशेब अधिक होता. नगरपालिकेनं आपल्या रोजच्या कामाचा हिशेब दूरवरचा केला की निसर्ग आपोआप त्यात कसा सामावतो, याचं हे उदाहरण मला नेहमी सांगावंसं वाटतं. त्या डोंगरात आदिवासींचे पाडेही होते, आणि जंगल राखताना त्यांचा विचार कितपत झाला हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. तो विसरून चालणार नाही.

आता दुसरी बाजू. लांबून नळाचं पाणी आलं आणि जवळच्या पाण्याची गरज संपली. जुने तलाव अस्वच्छ झाले होते, ते बुजवून मैदानं आणि रस्ते केले. मग मलेरिया आला. डासाचा आणि मलेरियाचा संबंध एव्हाना सिद्ध झाला होता. डॉ. बेंटली यांनी १९११ साली मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला आणि विहिरींकडे बोट दाखवलं. त्यानंतर शहरातल्या असंख्य विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. पारशी समाजानं धार्मिक कारणांसाठी हरकती घेतल्या. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर आजही आहे ती श्रद्धेच्या बळावर. महापालिकेला मी दोष देत नाही. माणसं मरत होती आणि उपलब्ध ज्ञानाप्रमाणे ती वागली. पण परिणाम असा झाला, की शहराला आपल्या पायाखालच्या पाण्याची आठवण राहिली नाही. पाणी म्हणजे लांबून नळानं येतं ते, अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत झाली.

आणि तेव्हापासून मुंबईला एक सवय लागली. पाणी कमी पडलं की पुढचा तलाव. १९५७ साली वैतरणेवर धरण झालं, नगर अभियंता मोडक यांच्या नावानं आपण त्याला मोडकसागर म्हणतो. मग ऊर्ध्व वैतरणा, मग भातसा, मग २०१४ साली मध्य वैतरणा. आज सात तलावांतून मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं. जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. विहार आणि तुळशी, ज्यांच्यापासून सुरुवात झाली, त्यांचा वाटा आता मोजका उरला आहे. अभियांत्रिकी म्हणून हे काम थक्क करणारं आहे. डोंगरातून, बोगद्यांतून पाणी येतं, पुष्कळसं उतारानंच येतं. मुंबईकराला ते पिण्याजोगं मिळतं. देशातल्या फार थोड्या शहरांना एवढं मिळतं.

पण पाणी येतं कुठून? तानसा, मोडकसागर आणि भातसा ही तिन्ही धरणं ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातली. आणि शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. एका मे महिन्यात मी तिथल्या एका पाड्यावर गेलो होतो. डोक्यावर हंडे घेऊन बाया उतारावरून येत होत्या. विहिरीचा तळ दिसत होता. टँकर विहिरीत पाणी ओततो आणि मग सगळे पोहऱ्यांनी ते ओढतात, असा तिथला क्रम. एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, ‘कुठनं आलात?’ मी म्हटलं, ‘मुंबईहून.’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘मंग आमचं पानी तुमच्याकडंच हाये की.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला ते अधिक लागलं. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण मी शाळेत कधी ऐकली नव्हती. ती तिथं कळली.

हवामान बदलाचा अर्थ मला त्या विहिरीच्या काठावर समजला. पाऊस लहरी होत जाणार. जूनमध्ये दडी मारणार आणि मग चार दिवसांत महिन्याचा कोसळणार. अशा वेळी तलाव भरायला उशीर होईल, मुंबईत पाणीकपात होईल, आणि मुंबई पुन्हा विचारेल, पुढचा तलाव कुठे आहे? गारगाई नदीवरच्या धरणाची योजना अनेक वर्षं पुढे येत राहिली. त्यात तानसा अभयारण्यातलं जंगल पाण्याखाली जातं आणि गावं उठतात. म्हणजे एके काळी पाण्यासाठी जे जंगल राखलं, तेच आता पाण्यासाठी बुडवायचं. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा विचारही झाला. पण त्याला भरपूर वीज लागते आणि वीज अजून मुख्यतः कोळशाची. कोळसा जाळून हवामान बिघडवायचं आणि बिघडलेल्या हवामानावर तोडगा म्हणून पुन्हा कोळसाच जाळायचा, असं ते चक्र होतं.

पाण्याची दुसरी चपराक आपल्याला २६ जुलै २००५ ला बसली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री जे बसमध्ये, ऑफिसात किंवा गळाभर पाण्यात अडकले, त्यांना आकडा सांगायची गरज नाही. मिठी नदी नावाची एक नदी आपल्या शहरात आहे हे पुष्कळांना त्या दिवशी प्रथम कळलं. ती विहारच्याच पाणलोटातून येते. ज्या खोऱ्यातून आपण १८६० साली पहिलं पाणी घेतलं, त्याच खोऱ्याचं पात्र आपण भराव घालून, बांधकामं करून अरुंद केलं होतं. आणि पूर्वसूचना नव्हती असंही नाही. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेनंच पर्जन्य जलवाहिन्यांचा अभ्यास करून घेतला होता. ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा तो अहवाल १९९३ साली आला. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली आहेत, ती ५० मिलिमीटरची करा, असं त्यात सांगितलं होतं. बारा वर्षं तो बहुतांशी कागदावरच राहिला. पूर आल्यावर धूळ झटकली गेली, माधवराव चितळे समिती बसली, पंपिंग स्टेशनं झाली. पुढे २०२१ च्या सुमारास हिंदमाता भागात पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या गेल्या. कामं झाली, पण माणसं गेल्यावर झाली.

मग २०२२ साली महापालिकेनं एक वेगळं पाऊल उचललं. १३ मार्च २०२२ ला ‘मुंबई हवामान कृती आराखडा’ जाहीर झाला. देशानं हरितगृह वायूंचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्यासाठी २०७० साल धरलं आहे. मुंबईनं आपल्यासाठी २०५० धरलं. म्हणजे देशाच्या वीस वर्षं आधी. २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत तीस टक्के आणि २०४० पर्यंत चव्वेचाळीस टक्के घट, असे टप्पेही ठरवले. आराखड्यात शहराचा हिशेबही मांडलेला आहे. मुंबईच्या उत्सर्जनातला सुमारे ७२ टक्के वाटा इमारती-उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, २० टक्के वाहतुकीचा आणि ८ टक्के कचऱ्याचा. २०२४ साली महापालिकेनं हवामानाचं वेगळं अंदाजपत्रकही मांडलं. कोणत्या खात्याचा किती पैसा या कामी जातो, ते त्यातून दिसावं अशी कल्पना. नॉर्वेच्या ऑस्लो शहरानं ही पद्धत आधी रूढ केली होती.

हे सगळं वाचून मला बरं वाटलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आपल्या शहरानं आपण होऊन हिशेब मांडला. पण एक गोष्ट मनाला टोचत राहिली. महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती. आराखडा आला १३ मार्चला. म्हणजे शहराच्या पुढच्या अठ्ठावीस वर्षांचा संकल्प जाहीर झाला तेव्हा शहरात एकही नगरसेवक नव्हता. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचंच राज्य होतं. अधिकाऱ्यांनी काम केलं नाही असं मी म्हणत नाही. पण आमच्या गल्लीत पाणी तुंबलं, झाड पडलं, कचरा जळला, तर ज्याच्या दारात जाऊन भांडायचं तो माणूसच नव्हता. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं शहरांना जे अधिकार द्यायचं ठरवलं, त्यात नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचं रक्षणही आहे. अधिकार घटनेत आहे. तो वापरायला सभागृह हवं आणि सभागृहाला जाब विचारणारे नागरिक हवेत. फिरोजशहांच्या पिढीनं ज्यासाठी भांडण केलं, ते हेच.

शिवाय पाणी, गटार आणि कचरा यांपलीकडेही या महापालिकेच्या हातात बरंच आहे. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, तिनं ‘बेस्ट’ ताब्यात घेतली. बस आणि शहराच्या दक्षिण भागाची वीज, दोन्ही एका शहराच्या मालकीची! उत्सर्जनाचे जे दोन मोठे हिस्से मी सांगितले, ऊर्जा आणि वाहतूक, त्या दोहोंत महापालिकेचा हात थेट पोहोचतो. अशी सोय जगात थोड्याच शहरांना आहे. आणि आपण काय केलं? ‘बेस्ट’चा ताफा गेल्या काही वर्षांत घटत गेला आणि रस्त्यावर मोटारी वाढत गेल्या. विजेच्या बस आल्या, चांगलं झालं. पण बसच वेळेवर येत नसेल तर माणूस स्कूटर घेणारच.

मग पुढचा तलाव कुठे आहे? माझ्या मते तो शहरातच आहे. आपल्या पाण्यातला पाव हिस्सा तरी गळती आणि चोरीत जातो. तो म्हणजे रोजचे शंभर कोटी लिटरच्या आसपास, एखाद्या मोठ्या धरणाएवढं पाणी. शहरातून रोज दोनशे कोटी लिटरहून जास्त सांडपाणी निघतं. सात ठिकाणी ते शुद्ध करण्याची नवी केंद्रं उभी करण्याचं काम महापालिकेनं हाती घेतलं. ते पाणी बागांना, संडासांना, कारखान्यांना वापरलं तर तेवढं भातसाचं पाणी वाचेल. आणि पाऊस! वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक. हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवणं २००२ पासून सक्तीचं झालं. टाकी नकाशात दाखवायची, दाखला घ्यायचा आणि नंतर तिच्याकडे बघायचं नाही, असं किती सोसायट्यांत झालं ते आपलं आपण तपासावं. मी आमच्या इमारतीत चौकशी केली. टाकी होती. तिच्यात जुन्या खुर्च्या ठेवल्या होत्या.

त्याच राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. कधी गेलात तर मूर्तींबरोबर तिथल्या पाण्याच्या टाक्याही बघा. खडकात खोदलेल्या, डोंगरावरचा पाऊस पन्हाळींतून आत घेणाऱ्या. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे, आणि त्या कुणी दान दिल्या त्यांची नावं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी त्या भिक्षूंना ठाऊक होतं, की आपल्या डोक्यावर पडणारं पाणी आधी साठवायचं.

नळ सोडताना मला आता शहापूरच्या त्या बाई आठवतात. मुंबईच्या महापालिकेनं हवामानाच्या बाबतीत पुढाकार घेतला असं मी केव्हा म्हणेन? २०५० साली कोणता आकडा गाठला ते बघायला मी असणार नाही. पण शहरानं आपली गळती बुजवून, आपलं सांडपाणी वापरून, आपला पाऊस साठवून पुढच्या धरणाची मागणी मागे घेतली आणि त्या पाड्यावरच्या विहिरीला मे महिन्यात पाणी राहिलं, तर मी म्हणेन. ते काम एकसष्टाव्या कलमात बसतं. त्याला नवा कायदा लागत नाही. तेव्हा पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, की त्याला आपण सगळ्यांनी एकच प्रश्न विचारू या. आमच्या वॉर्डातली गळती किती, आणि ती केव्हा थांबणार?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)